कानातली भिंत

आजची गोष्ट एका बहिऱ्या म्हाताऱ्याची आहे. म्हातारा म्हणजे चाळिशी ओलांडलेला. पण त्याच्या काळात तेवढं जगणं म्हणजे फार झालं. तो राहायचा आजच्या इराकच्या उत्तरेला, कुर्दिस्तानच्या डोंगरात, शानिदार नावाच्या गुहेत, सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी. तुमच्याआमच्यासारखा माणूस नव्हता तो, नीअँडरथल होता. आपलाच भाऊबंद, पण दुसऱ्या शाखेचा. जाड भुवया, रुंद छाती, आखूड पण दणकट हातपाय.

१९५७ साली राल्फ सोलेकी नावाच्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात त्याचा सांगाडा सापडला. शास्त्रज्ञ त्याला ‘शानिदार १’ म्हणतात. माणूस गेला तरी त्याची हाडं बोलतात, आणि याची हाडं तर खूपच बोलकी. डाव्या डोळ्यापाशी जबर मार बसला होता आणि ती जखम भरूनही आली होती. त्या डोळ्याने त्याला बहुधा दिसत नसावं. उजवा हात वाळून गेलेला, कोपरापासून खाली नाहीच. चाल लंगडी. असा माणूस त्या रानटी मुलखात चाळिशी पार करतो, याचा अर्थ कुणीतरी त्याला सांभाळत होतं, त्याच्यापुढे घास ठेवत होतं. नीअँडरथलांना अडाणी, राकट म्हणणाऱ्यांना मी नेहमी या म्हाताऱ्याची आठवण करून देतो.

मग २०१७ साली एरिक ट्रिंकाउस आणि सेबास्टियन व्हिलोत या दोन संशोधकांनी त्याच्या कानांत नीट डोकावून पाहिलं. दोन्ही कानांच्या नळ्यांत आतल्या बाजूने हाड वाढलेलं होतं. इतकं, की त्याला धड ऐकू येत नसणार.

“कानात हाड कसं वाढेल, आजोबा?”

तीच तर गंमत आहे. आणि ती एकट्या म्हाताऱ्यापुरती नाही. २०१९ साली ट्रिंकाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ प्राचीन माणसांच्या कानांच्या नळ्या तपासल्या. त्यांत २३ नीअँडरथल होते, आणि त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या कानांत अशी वाढ निघाली. आता सांगा, हेच हाड आजच्या जगात सर्वांत जास्त कुणाच्या कानांत सापडत असेल? लाटांवर फळी घेऊन उभे राहतात ना, त्या सर्फिंग करणाऱ्यांच्या! डॉक्टर लोक या दुखण्याला सरळ ‘सर्फरचा कान’ म्हणतात.

ते समजायला आधी कानात शिरायला हवं. चला माझ्याबरोबर.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसतं दार. आत एक नळी जाते, मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांबीची, किंचित वळणाची. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर बोटांना लागतं त्या लवचीक पदार्थाचा. तिथे बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. मळाला नाक मुरडू नका. तो थोडा तेलकट, थोडा आंबट असतो. पाणी झटकतो आणि जंतूंना तिथे बस्तान बसवू देत नाही. आतला दोन तृतीयांश भाग मात्र थेट कवटीच्या हाडातून गेलेला आहे. तिथे केस नाहीत, ग्रंथी नाहीत, कातडीखाली चरबीही नाही. हाडाच्या आवरणावर अगदी पातळ कातडी ताणून बसवलेली, बस्स. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढीच जाड. म्हणून तर डॉक्टरांनी कानात यंत्र घातलं की तिथे लगेच कळ येते.

आणि ही कातडी चालते! खरंच चालते. कानाच्या पडद्याच्या मध्यापासून ती हळूहळू कडेला आणि मग नळीतून बाहेर सरकत राहते, दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. जुना मळ, धूळ, मेलेली कातडी सगळं घेऊन ती बाहेर येते. जन्मल्यापासून तुमचा कान स्वतःच स्वतःला झाडतोय आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. कापसाची काडी घालून आपण काय करतो? तो बाहेर निघालेला कचरा परत आत लोटतो, वर नाजूक कातडी खरवडतो ते वेगळंच.

नळीच्या टोकाला पडदा. जेमतेम एक सेंटीमीटर रुंद, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. त्याच्यावर हवेचा हलकासा धक्का बसला की आपल्याला आईची हाक ऐकू येते.

आता या नळीत थंडगार पाणी शिरलं असं समजा. आतल्या हाडाला ना चरबीची दुलई, ना केसांचं कुंपण. गारवा थेट हाडाच्या आवरणापर्यंत पोहोचतो. आधी तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मग गारवा सरल्यावर फुगतात आणि रक्त धावून येतं. आवरण चिडतं. आणि हाडाचं आवरण चिडलं की त्याला एकच काम येतं, ते म्हणजे नवं हाड रचणं. एकदा पोहल्याने काही होत नाही. पण वर्षानुवर्षं, आठवड्यातून कितीतरी वेळा, गार पाणी आणि त्यावर वारा असा मारा होत राहिला, की थरावर थर चढत जातात. नळीच्या दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, कठीण उंचवटे वाढतात आणि एकमेकांकडे सरकतात. आत नाजूक पडदा आहे, बाहेरून थंडी येतेय. शरीर जणू दारातच भिंत बांधायला घेतं.

हे कुणी ओळखलं? नेदरलँड्समधले कानाचे डॉक्टर व्हान गिल्स यांनी १९३८ साली लिहिलं की गार पाण्याने कानात हाड वाढतं. मग १९४२ साली अमेरिकेत फाउलर आणि ऑस्मन या दोघांनी गिनीपिगच्या कानांत गार पाणी सोडून पाहिलं, आणि खरोखरच तिथे नवं हाड तयार झालं.

“गिनीपिगला त्रास झाला असेल ना?”

झाला असणार. प्रश्न योग्य विचारलास. आपल्याला आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं अशा मुक्या जिवांच्या कानांनी, डोळ्यांनी शिकवलेलं आहे, हे विसरू नये.

पण निसर्गाने स्वतः केलेला प्रयोग त्याहून मोठा आहे. तो पाहायला दक्षिण अमेरिकेत जावं लागेल, चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर. तिथे एका बाजूला जगातलं अतिशय कोरडं अटाकामाचं वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला हंबोल्टच्या प्रवाहाचं थंड पाणी. त्या किनाऱ्यावर हजारो वर्षांपूर्वी चिंचोरो नावाचे कोळी लोक राहत. आपल्या मेलेल्या माणसांच्या ममी करायला त्यांनी इजिप्तच्याही आधी, सुमारे सात हजार वर्षांपूर्वी सुरुवात केली. कोरड्या हवेमुळे तिथल्या कवट्या फार छान टिकल्या आहेत. विव्हियन स्टँडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातल्या वेगवेगळ्या काळांतल्या हजाराहून अधिक कवट्यांचे कान तपासले आणि १९९७ साली निष्कर्ष छापला. समुद्राकाठच्या लोकांत सुमारे ३१ टक्क्यांच्या कानांत हाड वाढलेलं. नदीच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांत जेमतेम दोन टक्के. आणि उंच डोंगरावरच्या लोकांत एकही नाही! प्रदेश एकच, फरक एवढाच की किनाऱ्यावरचे लोक शिंपले आणि इतर खाणं काढायला गार पाण्यात बुड्या मारत. बायकांपेक्षा पुरुषांच्या कानांत हे जास्त दिसलं, म्हणजे बुडी मारायचं काम कोण करत होतं तेही कळलं. पोथी नाही, शिलालेख नाही, आणि तरी रोजच्या कामाची नोंद कानात!

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग उष्ण देशातल्या माणसांना भीती नाही. पण थांबा. पनामा तर विषुववृत्ताच्या जवळ. तिथल्या प्राचीन कवट्यांतही निकोल स्मिथ-गुझमान यांना असे काही कान सापडले आणि त्या आधी चक्रावल्या. उत्तर पाण्यात होतं. वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने तिथे जमिनीवरून समुद्राकडे जोरदार वारे सुटतात, पनामाच्या आखातातलं वरचं ऊबदार पाणी लोटून देतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. मोती-शिंपल्यांसाठी बुडी मारणाऱ्यांच्या कानांना तेच लागलं असणार, असं त्यांनी सुचवलं. तेव्हा नकाशा पाहून ठरवू नका, पाण्यात हात घालून पाहा.

आता येऊ या आजच्या काळात, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला. आपल्या मुंबईचं नव्हे, प्रशांत महासागराच्या काठचं. सॅन होजे, फ्रीमाँट या बाजूला मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुलं सुट्टीला याच किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला जातात. तिथलं पाणी वर्षभर थंड, साधारण ११ ते १६ अंश सेल्सिअस. पूर्वी माणूस अर्ध्या तासात कुडकुडत बाहेर यायचा. मग जॅक ओनील नावाच्या सर्फिंगवेड्या माणसाने १९५०च्या दशकात रबरी फेसाच्या कापडाचे पोशाख विकायला सुरुवात केली आणि १९५९ साली दुकान सांताक्रूझला हलवलं. पुढे एका अपघातात त्याचा डोळा गेला; डोळ्यावर काळी पट्टी लावलेला त्याचा फोटो तिकडे सगळ्यांना ओळखीचा आहे. या पोशाखामुळे अंग गरम राहू लागलं आणि लोक तासन्‌तास, अगदी हिवाळ्यातही, पाण्यात राहू लागले. सगळं अंग झाकलं, पण कान तेवढे उघडे राहिले. मला वाटतं, सर्फरच्या कानाची आजची साथ खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी १९९९ साली ३०७ सर्फरांची पाहणी छापली. चौघांपैकी जवळजवळ तिघांच्या कानांत हाड वाढलेलं होतं. बहुतेकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि धोका नेमका इथेच आहे. मग एक दिवस पोहून आल्यावर कानाला दडे बसतात आणि ते दिवसभर सुटत नाहीत. अरुंद झालेल्या नळीतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही. मळ अडकतो. ओलावा कुजतो, कान ठणकतो, वाहायला लागतो, ऐकू कमी येतं. औषधाने हाड विरघळत नाही. शेवटी कानाचे सर्जन बारीक छिन्नीने किंवा ड्रिलने ते काढतात. जागा इवलीशी, एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला जबड्याचा सांधा, जवळून चेहऱ्याची नस गेलेली. पुढे कित्येक आठवडे पाण्याचं नाव काढायचं नाही. आणि इतकं सोसून पुन्हा उघड्या कानांनी गार पाण्यात उतरलात, तर भिंत पुन्हा उभी राहते.

समुद्राची दुसरी करामत याहून झटपट आहे. लाटेवरून किंवा पॅडलबोर्डवरून, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवरून, माणूस कुशीवर पडला, कान पाण्यावर सपाट आपटला, की नळीतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. एकदम कळ येते, कानात शिट्टी वाजते, कधी थोडं रक्त येतं. त्याहून वाईट म्हणजे भोकातून गार पाणी आत शिरतं आणि सगळं जग गरगर फिरायला लागतं.

हे गरगरणं कशाने, याचीही एक सुरस गोष्ट आहे. व्हिएन्नामध्ये रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर होते. पिचकारीने रुग्णांचे कान धुताना त्यांच्या लक्षात आलं की लोकांना चक्कर येते आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत राहतात. एकाने तक्रार केली की पाणी फार गार होतं. पुढच्या वेळी पाणी जास्त गरम झालं, तर पुन्हा चक्कर, पण या वेळी डोळ्यांचे झटके उलट्या दिशेला! बारानींनी धागा पकडला. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, द्रवाने भरलेल्या. त्यातली एक बाहेरच्या नळीच्या अगदी जवळ. एका बाजूने गारवा लागला की तिथला द्रव जड होऊन खाली सरकतो आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. या शोधाबद्दल त्यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी कळली तेव्हा ते कुठे होते? पहिलं महायुद्ध पेटलेलं, ते सैन्यातले डॉक्टर, आणि रशियाच्या कैदेत! स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली, तेव्हा १९१६ साली त्यांची सुटका झाली. पुढे १९८३ साली अवकाशात, जिथे जड-हलकं काही उरत नाही तिथे, हाच प्रयोग केला तर डोळे तिथेही हलले. म्हणजे द्रव सरकणं हे सगळं उत्तर नाही, आणखीही काही आहे. शास्त्रात एक दार उघडलं की पलीकडे दुसरं असतंच.

समुद्रात हीच चक्कर जिवावर बेतते, कारण पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही. असं झालं तर हातपाय झाडू नका. फळी पायाला दोरीने बांधलेली असते, ती ओढून घट्ट धरा. आत गेलेलं पाणी शरीराच्या उबेने तापलं की चक्कर ओसरते. मग काठावर या, आणि कानात थेंब, तेल, पाणी काहीही न घालता डॉक्टरांना दाखवा. लहान भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बुजतं, फक्त कान कोरडा राहायला हवा.

आणि आपला कोकण, गोवा? इथल्या समुद्राचं पाणी ऊबदार, वर्षातला बहुतेक काळ २६ ते ३० अंशांच्या आसपास. एवढ्या पाण्यात हाड सहसा वाढत नाही. त्याला साधारण १९ अंशांखालचा गारवा लागतो. पण ऊब आणि ओलावा जंतूंना आणि बुरशीला फार आवडतो. तारकर्लीला किंवा मांद्रेला पाण्यात खेळून आलात, कान तसाच ओला राहिला, आणि वर कुणी काडेपेटीची काडी फिरवली, की दोन दिवसांत खाज, ठणका, पाळी ओढली तरी कळ. पावसाळ्यात नदीचा गाळ आणि गावाची घाण खाडीत उतरते तेव्हा तर हे हमखास. ठणका लागला की आपल्याकडे घरोघरी कोमट तेल सोडतात, माझ्या आजीनेही सोडलं असेल. ती माया खरी, पण तेल तिथे ओल धरून ठेवतं, आणि पडदा फाटलेला असला तर थेट आत उतरतं. तेव्हा तेल नकोच.

“मग करायचं काय?”

पाण्यातून आल्यावर मान एका बाजूला कलती करा, पाळी हलकेच मागे ओढा, पाणी निथळू द्या. टॉवेलच्या टोकाने बाहेरचाच भाग टिपा. केस वाळवायचं यंत्र असेल तर अगदी मंद उबेवर, हातभर लांब धरून थोडा वेळ. कान सुकवायचे थेंब मिळतात, पण पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते घालायचे नाहीत.

आणि पाण्यात जाण्याआधी बूच. सर्फिंगसाठी मऊ सिलिकॉनची बुचं मिळतात. त्यांना बारीक छिद्र असतं आणि त्यावर जाळी किंवा पातळ पडदा, म्हणजे पाणी अडतं आणि आवाज आत येतो. हे महत्त्वाचं आहे. लाटांत असताना सोबत्याची हाक ऐकू आलीच पाहिजे, आणि ठार बंद कानांनी तोलही बिचकतो. कान कुणाचा मोठा, कुणाचा लहान, तेव्हा मापाचं बूच घ्या आणि त्याला दोरी असू द्या. सुटलेलं बूच समुद्र परत देत नाही. पाणी फार गार असेल तर वरून रबरी टोपी घाला. बूच फक्त पाण्याच्या वर खेळणाऱ्यांसाठी, खोल बुडी मारणाऱ्यांसाठी नाही. खाली दाब वाढतो, आणि ठार बंद बुचामागची हवा पडद्याला इजा करू शकते.

पॅडलबोर्डवाले म्हणतात, आम्ही तर उभे असतो, आम्हाला काय! पण शिकताना ते दहादा पडतात आणि ओल्या कानांनी वाऱ्यात उभे राहून वल्हं मारतात. ओल्या कातडीवरून वारा गेला की गारवा आणखी वाढतो. टोपी आणि बूच त्यांनाही हवंच.

कॅलिफोर्नियात, आयर्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला जी मराठी माणसं मुलांना समुद्रावर नेतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिली फळी घ्याल त्याच दिवशी बुचंही घ्या, दुखायला लागण्याची वाट पाहू नका. वर्षातून एकदा कानाच्या डॉक्टरांकडून नळ्या तपासून घ्या. पाहणीला पाच मिनिटं लागतात. पोहून आल्यावर दडे वारंवार बसत असतील, तर मात्र त्याच आठवड्यात जा.